समूह लेझीम : नियम, गुणदान आणि हलगीवादकाचे स्थान

प्रास्ताविक

भीमेच्या दोन्ही काठांवरील शिरूर आणि दौंड या तालुक्यांत शाळेचे स्नेहसंमेलन असो, प्रजासत्ताक दिनाचे संचलन असो वा पाहुण्यांचे स्वागत असो, लेझमीवाचून कार्यक्रम पुरा झाल्यासारखे वाटत नाही. मुलामुलींच्या रांगा एका तालात वाकतात, उठतात, वळतात आणि सारे मैदान दुमदुमून जाते. परंतु याच लेझमीची स्पर्धा ठेवली की अडचण सुरू होते. गुण कशाचे द्यावयाचे, कशाचे कापावयाचे, संघात कोणाला मोजावयाचे, हे पुष्कळ ठिकाणी लिहून ठेवलेले नसते. परीक्षक आपापल्या समजुतीप्रमाणे निकाल देतात. आपण तिसरे का आलो, असे मुलांनी विचारले तर शिक्षकापाशी उत्तर नसते.

या लेखात आम्ही तीन गोष्टी मांडणार आहोत. पहिली, लेझमीचे साधन आणि तिची परंपरा. दुसरी, आंतरशालेय स्पर्धेसाठी आम्ही आमच्या शाळेत तयार केलेली आणि सरावात वापरून पाहिलेली नियमावली. तिसरी, या नियमावलीतील ज्या एका कलमावर सर्वाधिक चर्चा झाली ते कलम, म्हणजे हलगी वाजवणारा विद्यार्थी संघाचा घटक आहे की नाही. वरवर पाहता हा प्रश्न लहान वाटेल. इतिहासाच्या विद्यार्थ्यास तो लहान वाटू नये, अशी आमची अपेक्षा आहे.

साधन आणि परंपरा

मूळची लेझीम म्हणजे दोरीच्या जागी लोखंडी साखळी लावलेले जड धनुष्य. शब्द फारसीतून आला. धनुर्धराच्या खांद्यांना व दंडांना बळ यावे म्हणून तालमीत ते ओढण्याचा व्यायाम करीत. आज शाळेत जी लेझीम वापरतात ती याच साधनाचे हलके रूप होय. डाव्या हातात लाकडी दांडा, त्याच्या दोन्ही टोकांना जोडलेली साखळी, साखळीत ओवलेल्या लोखंडी चकत्या आणि साखळीच्या मध्यभागी उजव्या हातासाठी मूठ, अशी तिची रचना असते. मूठ ओढली की चकत्या ताणल्या जातात, आत आणली की त्या एकमेकींवर आदळून आवाज होतो. ओढणे आणि मिटणे या दोन क्रियांवरच सारा खेळ उभा आहे.

लेझीम तालमीतून जत्रेत, जत्रेतून मिरवणुकीत आणि तेथून शाळेच्या शारीरिक शिक्षणात आली. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले. अशा संस्थांनी देशी व्यायामप्रकारांस क्रम, नावे आणि आज्ञा दिल्या. याच मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. 'चार आवाज', 'एक जगह', 'आदि लगाव', 'पवित्रा', 'दोरुख', 'आगे फलांग', 'पीछे फलांग' ही प्रकारांची नावे आजही आपल्या शाळांत हिंदी वळणानेच उच्चारली जातात. नोव्हेंबर १९८२ मध्ये दिल्लीत नवव्या आशियाई क्रीडास्पर्धांचे उद्घाटन झाले, तेव्हा मुख्यत्वे सांगली जिल्ह्यातील सुमारे ४०० लेझीमपटूंनी तेथील मैदानावर लेझीम सादर केली.

रांग आणि कवायत यांचा आपल्या परिसराशी असलेला संबंधही मुलांना सांगण्याजोगा आहे. घोड नदीकाठचे शिरूर ही कंपनी सरकारच्या फौजेची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री याच छावणीतून कॅप्टन स्टाँटनची तुकडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोरेगाव भीमा येथे पोहोचली. दिवसभर चाललेल्या त्या लढाईत महार सैनिकांनी जे शौर्य गाजवले, त्याचे स्मारक भीमेच्या काठी उभे आहे. मुंबई इलाख्याच्या फौजेत निरनिराळ्या जातींचे शिपाई एकाच रांगेत उभे राहत. गावात ज्याची सावली टाळली जाई, त्याचा खांदा कवायतीच्या रांगेत शेजाऱ्याच्या खांद्याशी जुळवावाच लागे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद झाली आणि ती रांगही हातची गेली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १ जानेवारी १९२७ रोजी विजयस्तंभास भेट दिली. त्याच वर्षी समता सैनिक दलाची उभारणी झाली आणि काठी, गणवेश व शिस्तबद्ध संचलन पुन्हा आपल्या तरुणांच्या हाती आले. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली. दौंड येथे आज राज्य राखीव पोलीस बलाच्या गटांची केंद्रे आहेत, आणि आमच्या काही माजी विद्यार्थ्यांनी पोलीस भरतीच्या तयारीत शाळेतील कवायतीचा उपयोग झाल्याचे सांगितले आहे. रांगेत उभे राहण्याचा अधिकार आपणांस सहज मिळालेला नाही, हे मुलांना माहीत असावे.

परदेशातील एक सजातीय खेळ

लेझमीचे नियम करताना आम्ही एका परदेशी खेळाच्या नियमांचा आधार घेतला. त्यास बॅटन ट्वर्लिंग म्हणतात. लष्करी वाद्यवृंदाच्या पुढे चालणारा नायक हातातील दंड फिरवून पथकास इशारे देई. त्या रीतीतून हा खेळ विकसित झाला आणि विशेषतः अमेरिकेत वाढला. धातूची हलकी दांडी, तिच्या दोन्ही टोकांना रबरी गोंडे, एक मोठा व एक लहान, असे साधन असते. आपल्याकडील मर्दानी खेळांत दोन्ही टोकांना गोळे बांधून फिरवतात ती बनेटी डोळ्यांपुढे आणावी, म्हणजे कल्पना येईल. १९७७ साली या खेळाचा जागतिक महासंघ स्थापन झाला आणि १९८० साली अमेरिकेतील सिॲटल येथे पहिली जागतिक स्पर्धा झाली. पुढे जपानच्या संघांनी या खेळात मोठे प्रावीण्य मिळवले.

त्या खेळाच्या नियमांतील तीन तत्त्वे आम्हांस महत्त्वाची वाटली. पहिले, कौशल्य आणि सादरीकरण यांचे गुण वेगवेगळे देतात, त्यामुळे झगमगाटाने कच्चेपणा झाकता येत नाही. दुसरे, दांडी हातातून पडणे यासारख्या चुका आधीच लिहिलेल्या असतात आणि प्रत्येक चुकीची वजावट ठरलेली असते. तिसरे, सांघिक प्रकारात खेळाडू आपली दांडी उंच फेकतो आणि दुसरा ती झेलतो. झेल सुटला तर तो केवळ झेलणाऱ्याचा दोष मानून चालत नाही, फेकणाऱ्याचाही त्यात वाटा असतो, आणि गुण संपूर्ण संघाचे जातात.

लेझमीत मात्र साधन हातातून सुटत नाही. तेथे चूक डोळ्यांपेक्षा कानाला आधी कळते. ३२ लेझमींचा एकच आवाज यावयाचा असतो. एक मुलगा अर्धी मात्रा मागे राहिला की मुख्य आवाजामागून दुसरा बारीक आवाज येतो. आमची मुले त्यास 'सुटा आवाज' म्हणतात. नियमावलीत आम्ही हाच शब्द ठेवला आहे.

नियमावली

१. संघ. एक संघ ३४ जणांचा असेल. ३२ लेझीमधारी आणि २ हलगीवादक. याखेरीज ४ राखीव विद्यार्थी. मुले, मुली किंवा मिश्र, कसाही संघ चालेल. राखीव विद्यार्थ्यांची संख्या आम्ही मुद्दाम मोठी ठेवली. आपल्याकडे ऊसतोडणीचा आणि वीटभट्टीचा हंगाम सुरू झाला की काही पालक लेकरांना सोबत नेतात. चार मुले गेली म्हणून उरलेल्या तिसांची मेहनत वाया जाऊ नये.

२. मैदान. ३० मीटर लांब व २० मीटर रुंद, चुन्याने आखलेले. सुरुवातीस आठ-आठांच्या चार रांगा. दोन विद्यार्थ्यांत दोन हात अंतर.

३. वेळ. प्रवेशापासून निर्गमनापर्यंत कमीत कमी ६ आणि जास्तीत जास्त ८ मिनिटे.

४. आज्ञा. सर्व आज्ञा संघनायक विद्यार्थ्यानेच शिटीने किंवा आवाजाने द्याव्यात. शिक्षकाने आखलेल्या रेषेबाहेर बसावे. त्याने हात, मान अथवा शिटीने इशारा केल्यास गुण वजा होतील.

५. अनिवार्य प्रकार. चार आवाज, एक जगह, आदि लगाव, पवित्रा आणि दोरुख हे पाच प्रकार प्रत्येक संघाने करावेत. प्रत्येकाची किमान चार आवर्तने व्हावीत. अनिवार्य प्रकार सर्वांना सारखे असल्यामुळे तुलना न्याय्य होते.

६. ऐच्छिक रचना. अनिवार्य प्रकारांनंतर किमान तीन रचना कराव्यात, उदाहरणार्थ वर्तुळ, एकमेकींना छेदणाऱ्या रांगा, फिरते चक्र. दोन थरांहून उंच मनोऱ्यास परवानगी नाही. मनोऱ्याला टाळ्या मिळतात हे खरे, परंतु खाली पडून मनगट मोडलेले मूल वर्षभर लिहू शकत नाही.

७. साधन. संघातील सर्व लेझमी सारख्या आकाराच्या व वजनाच्या असाव्यात. पाचवी ते सातवीच्या मुलांना हलक्या लेझमी द्याव्यात. सादरीकरणापूर्वी साखळीच्या कड्या तपासाव्यात. खेळताना साखळी तुटल्यास तो अपघात समजावा, चूक नव्हे. त्या विद्यार्थ्याने रांग न सोडता हालचाली चालू ठेवाव्यात.

८. वेश. शाळेचा नेहमीचा गणवेश चालेल. भाड्याच्या भरजरी पोशाखास वेगळे गुण नाहीत. ज्या शाळेपाशी पैसा आहे तिला केवळ त्या कारणाने पुढे जाता येऊ नये.

९. संगीत. हलगी प्रत्यक्ष वाजवावी. ध्वनिमुद्रित गाणे लावल्यास संगीताचे सर्व गुण वजा होतील. वादक त्याच शाळेचे विद्यार्थी असावेत. बाहेरून मोबदला देऊन वादक आणता येणार नाहीत.

गुणदान

एकूण गुण १०० असून त्यांची विभागणी पुढीलप्रमाणे आहे. एकरूप आवाज २५. हालचालींची एकरूपता २५. रेषा व रचना २०. हलगीची लय, ठेक्यातील बदल व साथ १५. संघनायकाच्या आज्ञा, प्रवेश व निर्गमन १०. गणवेशाची स्वच्छता व साधनांची निगा ५.

वजावट पुढीलप्रमाणे. लेझीम हातातून पडल्यास १ गुण. विद्यार्थ्याने ती उचलून चार मात्रांच्या आत रांगेशी जुळवून घेतल्यास आणखी वजावट नाही. प्रत्येक सुट्या आवाजास अर्धा गुण, मात्र एका प्रकारात जास्तीत जास्त ३ गुण. वेळ कमी किंवा अधिक झाल्यास दर १५ सेकंदांस १ गुण. शिक्षकाच्या प्रत्येक इशाऱ्यास २ गुण.

परीक्षक तीन असावेत. पहिला समोर उंचावर बसून हालचाली व रेषा पाहील. दुसरा मैदानाकडे पाठ करून बसेल आणि केवळ ऐकेल. सुटे आवाज त्यानेच मोजावेत. डोळ्यांना सुंदर रचना दिसली की कान सैल होतात, हा आमचा अनुभव आहे, म्हणून ही योजना. तिसरा परीक्षक हलगी आणि आज्ञा यांचे गुण देईल. वेळाधिकारी वेगळा असावा. दोन संघांचे गुण समान झाल्यास एकरूप आवाजाचे गुण ज्याचे अधिक तो संघ वरचा.

एक उदाहरण घेऊ. पहिल्या संघाने अवघड रचना केल्या आणि त्यास वजावटीपूर्वी ८६ गुण मिळाले. त्याच्या दोन लेझमी पडल्या आणि पाच सुटे आवाज झाले. म्हणजे २ आणि अडीच, असे साडेचार गुण वजा. उरले साडेएक्याऐंशी. दुसऱ्या संघाच्या रचना साध्या होत्या आणि त्यास ८३ गुण मिळाले. त्याचा एकच सुटा आवाज झाला. अर्धा गुण वजा जाऊन साडेब्याऐंशी उरले. दुसरा संघ विजयी. हा हिशेब फळ्यावर मांडला की हरलेल्या संघासही कोठे सराव करावयाचा ते समजते. गुणपत्रके स्पर्धेनंतर सर्व संघांना वाचावयास द्यावीत, असे कलम आम्ही शेवटी घातले आहे.

एका चुकीबाबत परीक्षकांत नेहमी वाद होतो. हलगीची लय अचानक वाढली आणि सर्व ३२ जण तिच्यामागे धावले तर ती किती जणांची चूक? आमच्या मते ती एक चूक होय, आणि तिची वजावट हलगीच्या १५ गुणांतून व्हावी. उलट हलगी स्थिर असून रांग पुढे धावली तर ती रांगेची चूक. हा भेद करावयाचा तर हलगीवादकास संघाचा जबाबदार घटक मानावेच लागते. येथूनच आपण मुख्य प्रश्नाकडे येतो.

हलगीवादक कोण?

काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत आम्ही प्रेक्षक म्हणून उपस्थित होतो. विजयी संघातील लेझीमधारी मुलांना प्रमाणपत्रे व पदके मिळाली. छायाचित्र निघाले. ज्या दोघांनी उन्हात उभे राहून सकाळपासून एकामागून एक संघांसाठी हलगी वाजवली, ते गावातून बोलावलेले होते. त्यांना ठरलेले पैसे मिळाले. त्यांचे नाव कोणी पुकारले नाही, आणि छायाचित्रात उभे राहा असेही कोणी म्हटले नाही. अपमान करावा असा कोणाचा हेतू नव्हता. वाजवणारा हा खेळणाऱ्यांहून वेगळा, ही समजूत इतकी जुनी आहे की ती कोणाच्या ध्यानातही आली नाही.

ही समजूत कोठून आली? गावगाड्यात हलगी वाजवणे ही कला मानली गेली नाही, ते जन्माने लादलेले काम होते. रीत गावोगावी वेगळी. कोठे ते मातंगांकडे, कोठे महारांकडे. दवंडी असो, जत्रा असो, लग्न असो वा प्रेतयात्रा असो, बोलावणे आले की जावे लागे. नाही म्हणण्याची सोय नव्हती. मोबदला म्हणून बलुते, शिळी भाकरी किंवा काहीच नाही. ज्याच्या ठेक्यावर सारे गाव नाचे, त्याला मात्र देवळाच्या पायरीखाली उभे राहावे लागे.

मार्च १९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस आणि उष्टे अन्न सोडण्याचा, स्वाभिमानाने जगण्याचा उपदेश केला. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई विधिमंडळात वतनासंबंधीच्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. महार वतन ही जमिनीच्या तुकड्यापोटी पिढ्यान्‌पिढ्यांची वेठ आहे, हे त्यांनी तेथे स्पष्ट केले. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक गावांतील आपल्या लोकांनी गावकीची कामे सोडली आणि त्यांबरोबर वाद्यही खाली ठेवले. त्यापायी काही ठिकाणी बहिष्कार सोसावा लागला. वाद्य खाली ठेवणे हीच तेव्हा मुक्ती होती.

म्हणून आमच्या शाळेत लेझीम पथकासाठी हलगी आणली तेव्हा काही पालकांनी घेतलेला आक्षेप आम्ही आदराने ऐकला. एक आजोबा म्हणाले, "गुरुजी, आम्ही मार खाऊन ही गळ्यातून काढली. तुम्ही ती नातवाच्या गळ्यात घालता?" या प्रश्नास घाईने उत्तर देणे योग्य नव्हते. आम्ही शिक्षकांनी त्यावर अनेक बैठकांत विचार केला.

एक मार्ग सोपा होता. हलगी बंद करून ध्वनिक्षेपकावर गाणे लावावयाचे. अनेक शाळा तेच करतात. परंतु त्याने प्रश्न सुटत नाही, तो नजरेआड होतो. आधी वाजवणारा उभा असूनही मोजला जात नव्हता, आता तो उभाही नसतो. शिवाय ध्वनिमुद्रित गाणे रांगेचे ऐकत नाही. मागची रांग वळताना अडखळली तर हलगीवादक एक आवर्तन लांबवून तिला सांभाळून घेतो. यंत्र तसे करू शकत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे पूर्वीप्रमाणे बाहेरून वादक बोलावणे. म्हणजे आपण सोडलेले काम दुसऱ्या एखाद्या गरीब माणसाच्या गळ्यात घालणे. समतेचे नाव घेणाऱ्या शाळेस हे शोभणारे नाही.

आम्ही तिसरा मार्ग घेतला. वाद्यात हीनता नव्हती, सक्तीत होती. कातडे, लाकडी कडे, एक आखूड टिपरू आणि एक लांब बारीक छडी यांत जात कोठे असते? जात होती ती जन्मावरून काम ठरवण्यात, नकाराचा अधिकार नसण्यात आणि काम झाल्यावर दूर उभे करण्यात. या तिन्ही गोष्टी नियमाने काढून टाकता येतात. लहुजी वस्ताद साळवे यांचे स्मरण येथे उचित ठरेल. ज्या मातंग समाजावर हलगी लादली गेली, त्याच समाजातील या वस्तादांच्या पुण्यातील तालमीत जोतीराव फुले दांडपट्ट्यासारख्या विद्या शिकले. कौशल्याचा मान जन्मावरून ठरत नाही, याचा हा आपल्याच जिल्ह्यातील दाखला आहे.

त्यानुसार नियम ९ ला आम्ही पाच पोटकलमे जोडली.

(अ) प्रत्येक शाळेत किमान सहा विद्यार्थ्यांना हलगी शिकवावी. त्यांत किमान दोन मुली असाव्यात.

(आ) निवड आडनाव, घरचा व्यवसाय किंवा 'याच्या घरात वाजवतात' या कारणावरून करू नये. ज्यास तालाचे ज्ञान आहे आणि शिकण्याची इच्छा आहे, त्यास संधी द्यावी.

(इ) एकच विद्यार्थी लागोपाठ दोन स्पर्धांत वादक नसावा. वादकाने लेझीमही खेळावी आणि लेझीमधारीनेही वाजवण्यास शिकावे.

(ई) कोणत्याही विद्यार्थ्यास हलगी वाजवण्याची सक्ती करू नये. नकाराचे कारण विचारू नये.

(उ) वादकांचा गणवेश, प्रमाणपत्र व पदक इतरांप्रमाणेच असावे. त्यांनी मैदानाच्या आत, पहिल्या रांगेच्या उजव्या बाजूस उभे राहावे.

यांतील (ई) हे कलम आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. आमच्या पूर्वजांना जे म्हणता येत नव्हते, ते 'नाही' आज आठवीतील मूल निर्भयपणे म्हणू शकते. ते म्हणता येते म्हणूनच 'होय' या शब्दासही किंमत आहे. पहिल्या वर्षी सहापैकी दोघांनी नकार दिला आणि तो मान्य केला गेला. ज्यांच्या आजोबांनी आक्षेप घेतला होता, त्यांचा नातू आजही लेझीमच खेळतो, हलगी वाजवत नाही. आम्ही त्यास कधी आग्रह केलेला नाही.

शिक्षकांसाठी काही सूचना

हलगी व लेझीम यांचा सराव पहिल्या दिवसापासून एकत्र घ्यावा. पहिले दोन आठवडे संथ लयीत केवळ चार आवाज घ्यावेत. मुलांना डोळे मिटून उभे करावे आणि आपला आवाज शेजाऱ्याच्या आवाजात मिसळतो का, ते ऐकण्यास सांगावे. तिसऱ्या आठवड्यापासून पावले, पाचव्यापासून रचना. लय शेवटच्या दोन आठवड्यांत वाढवावी. कच्च्या संघाची लय वाढवली की सुटे आवाज झाकले जातात असे काही शिक्षकांना वाटते. पाठ करून बसलेल्या परीक्षकापुढे ते झाकले जात नाहीत.

डिसेंबर-जानेवारीत सकाळचे दव पडते. कातड्याची हलगी सैल होऊन तिचा आवाज बसतो. ती पाचटाच्या जाळावर अंतर ठेवून शेकावी लागते. त्यासाठी प्रत्येक संघास सादरीकरणापूर्वी १० मिनिटे द्यावीत. हे काम शिक्षकाच्या देखरेखीखालीच व्हावे. कृत्रिम पडद्याची हलगी वापरण्यासही हरकत नाही.

डावखुऱ्या मुलांचा प्रश्न वारंवार येतो. रांगेत सर्वांची साखळी एकाच बाजूस उघडणे आवश्यक असल्यामुळे त्यांना उजव्या हाताने मूठ धरण्याचा सराव करावा लागतो. त्यांना दोन आठवडे अधिक द्यावेत, परंतु डावखुरे म्हणून वगळू नये. पायाने अधू असलेल्या विद्यार्थ्यास फलांग जमणार नाही. त्यास संघनायक किंवा वादक होता येते, आणि ही दोन्ही स्थाने आपल्या नियमावलीत गुणांची आहेत.

समारोप

कोणत्याही खेळाचे नियम वाचले की तो खेळ कोणाला माणूस म्हणून मोजतो, ते कळते. ३२ च्या ठिकाणी ३४ हा आकडा लिहिण्यास एक क्षण लागतो. तो लिहिला गेल्यामुळे दोन मुलांना प्रमाणपत्र मिळते, त्यांची नावे पुकारली जातात आणि संघाच्या यशापयशात त्यांचा वाटा लेखी नोंदला जातो. एवढा बदल करण्यास शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

शिरूर व दौंड तालुक्यांतील सर्व शिक्षक बंधुभगिनींस आमची विनंती आहे की त्यांनी ही नियमावली आपल्या मैदानावर वापरून पाहावी. संघाची संख्या, वेळ, गुणांची विभागणी यांत आपल्या शाळेच्या सोयीने फेरफार अवश्य करावेत. मात्र नियम ९ ची पोटकलमे तशीच ठेवावीत, आणि निकालाच्या दिवशी वादकांची नावे संघाच्या यादीतूनच वाचावीत.